चौघांची लिफ्ट

"जागा नाही," लिफ्टमन म्हणाला आणि त्याने जाळीच्या दरवाजात हात आडवा धरला.

बाहेरच्या बाईने आत डोकावून पाहिले. आत तिचा नवरा होता, सुजलेला गाल तळहातात धरून. त्याच्या शेजारी पोटाशी फायली कवटाळलेला एक वकील होता. बटणांपाशी, घडीच्या लाकडी स्टुलावर, लिफ्टमन स्वतः होता. आणि मागे, आरशाच्या बाजूला, एक कोपरा होता. त्यात काहीही नव्हते.

"अहो, एवढी जागा आहे की."

"चार माणसांची लिफ्ट आहे, ताई. पाटी आहे बघा वर."

"पाटी वाचली. आत तिघं आहेत."

"चौघं आहोत."

बाईने बोटाने हवेत मोजले. नवरा, वकील, लिफ्टमन. मग खात्री म्हणून आरशातले मोजले. पण ते धरले तर सहा होत होते. वकिलाला हा प्रकार रोजचाच होता. त्याने छताच्या पंख्याकडे नजर लावली.

"चौथा कोण?"

"प्रभू येशू," लिफ्टमन म्हणाला. 'पाचव्या मजल्यावरचे साहेब' म्हणावे तितक्याच सहज. "तुम्ही पुढच्या फेरीला या. लगेच येतो आम्ही खाली."

बाई पुढच्या फेरीला थांबली नाही. ती सहा मजले जिन्याने चढली आणि दातांच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा नवऱ्याची दाढ निघालेली होती. 'मी ओरडलो तेव्हा तू कुठे होतीस?' असे त्याला विचारायचे होते, पण जीभ बधिर असल्यामुळे त्याने ते नुसत्या डोळ्यांनी विचारले. मग बाईने जे काही ऐकवायचे ते डॉक्टरला ऐकवले. डॉक्टरने ते इमारतीच्या सेक्रेटरीला ऐकवले. आणि तिथून सगळे बिनसत गेले.

इमारतीत लिफ्टमनला हाउसफुल म्हणत. लिफ्ट अर्धी मोकळी असताना 'जागा नाही' म्हणणारा माणूस, त्याला दुसरे काय म्हणणार? इमारत सात मजल्यांची, सगळी ऑफिसांची. सहाव्यावर दातांचा दवाखाना. गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली आणि तिच्या पाठीला चिकटलेली आणखी एक खोली. त्या खोलीत लिफ्टमन आणि त्याची बायको राहत. नोकरी आहे तोवर खोली, असा जुन्या मालकांचा शब्द होता. मशीन सुरू झाले की भिंत थरथरे आणि मांडणीवरची भांडी एकमेकांना टेकून कुजबुजत. बायकोचे गुडघे गेलेले होते. खोलीत चार पावले ती भिंत धरून टाकी. जिना तिच्यासाठी नव्हताच; लिफ्ट मात्र गच्चीपर्यंत येई. बाजार, दवाखाना, रविवारची उपासना, तिचे सगळे जग लिफ्टच्या दारापासून सुरू होई आणि तिथेच संपे.

जिना लिफ्टच्या भोवतीच वळसे घेत वर जात होता. मधे फक्त लोखंडी जाळी. जिन्यावरून चालणाऱ्याला लिफ्टमधले दिसत आणि लिफ्टमधल्यांना जिन्यावरचा, पिंजऱ्यातली दोन जनावरे एकमेकांना पाहतात तसे.

प्रभू लिफ्टमध्ये कधीपासून आला, हे लिफ्टमनला नेमके सांगता येत नसे. दृष्टांत वगैरे काही नव्हता. उजेड पडला नव्हता, आवाज आला नव्हता. नवीन असताना एकदा, वरून बोलावणे आले म्हणून रिकामी लिफ्ट वर नेताना, आपण स्टुलावर जरा सरकून बसलो आहोत असे त्याच्या लक्षात आले. कुणालातरी जागा करून दिल्यासारखे. तेवढेच. मग त्याने मागे वळून न पाहताच म्हटले, "कितव्या मजल्यावर, प्रभू?" उत्तर आले नाही. पण ऐकणारा माणूस गप्प असतो ते गप्प बसणे वेगळे, आणि रिकाम्या खोलीचे गप्प बसणे वेगळे. हे पहिल्या प्रकारचे होते.

तेव्हापासून ते दोघे बरोबर होते. फेऱ्यांच्या मधे तो हलक्या आवाजात सगळे सांगत असे. तिसऱ्यावरची शिवणकामवाली कालपासून रडून आल्यासारखी दिसते, तिच्याकडे बघ जरा. पाचव्यावरचे साहेब आज बूट उलटसुलट घालून आलेत, त्यांना मी सांगू की तू सांगतोस? सकाळी पहिली जाळी ओढताना तो म्हणे, "चल." संध्याकाळी शेवटची जाळी लावताना म्हणे, "दमलास ना?" त्याच्या भक्तीत याहून मोठे शब्द नव्हते.

बायकोही चर्चच्या मंडळीतलीच, प्रार्थना करणारी, पण तिची तक्रार होती.

"तुमच्या दोघांच्या संसारात मी तिसरी," ती म्हणे. "दिवसभराचं सगळं त्याला सांगून होतं. घरी येता तेव्हा मला शिळ्या बातम्या."

"त्याला सांगितलं म्हणजे तुला सांगितल्यासारखंच की."

"असं? मग भात पण त्यालाच मागा."

तर जुने मालक गेले. त्यांच्या मुलांनी इमारत एका कमिटीच्या हवाली केली, कमिटीने एक सेक्रेटरी नेमला आणि सेक्रेटरीने, दाढवाल्या बाईचे प्रकरण कानावर येताच, लिफ्टमनला बैठकीला बोलावले. डॉक्टर आधीच येऊन बसला होता. तो हसतमुख माणूस होता. दुसऱ्याचे दात उपटतानाही त्याचे हसू हलत नसे.

"हे बघ," सेक्रेटरी म्हणाला, "मला कुणाच्या धर्माबद्दल काही म्हणायचं नाही. माझा प्रश्न तांत्रिक आहे. प्रभूंचं वजन किती?"

लिफ्टमनने खरोखर विचार केला. "वजन नाही, साहेब. जागा लागते."

"वजन नाही तर घे की मांडीवर!" डॉक्टर म्हणाला.

सेक्रेटरीने त्याला हाताने थांबवले. त्याला खरेच कुतूहल वाटू लागले होते. "उभे असतात की बसतात?"

"उभाच असतो. कितीदा म्हटलं स्टूल घे, नाही घेत. मला बसवतो."

"आणि उतरतात कितव्या मजल्यावर?"

"उतरत नाही, साहेब. आम्ही बरोबरच असतो."

सेक्रेटरीने हे सगळे गंभीरपणे ऐकून घेतले आणि सांगितले की पुढच्या महिन्यापासून चार म्हणजे दिसणारी चार. नाहीतर नोकरी सोड. आणि नोकरी सुटली की गच्चीवरची खोली सुटली, हे वेगळे सांगायला नको. हे सांगितल्यावर त्याने ते वेगळेही सांगितले.

माणूस भाबडा आहे, समजुतीने घ्यावे, म्हणून कमिटीने मंडळीच्या पाळकसाहेबांना निरोप पाठवला. ते आले. किडकिडीत, सभ्य, शब्द जपून वापरणारे गृहस्थ. लिफ्टमनने त्यांना आत घेतले आणि दोघेच वर निघाले. दर रविवारी 'प्रभू आपल्या निकट आहे' असे कळवळून सांगणारे पाळकसाहेब त्या कोपऱ्यापासून शक्य तितके लांब, अंग चोरून, दाराच्या जाळीला चिकटून उभे राहिले.

"भाऊ," ते म्हणाले, "तुमचा विश्वास मोठा आहे. पण प्रभू कोपऱ्यात नसतो. तो तुमच्यात आहे. मीठ पाण्यात विरघळलं की वेगळी जागा मागतं का? तसा. तुम्ही जिथे, तिथे तो. त्या कोपऱ्यात कोणीही उभं राहिलं तरी त्याचं काही बिघडत नाही."

"पटतंय, पाळकसाहेब."

"मग झालं तर."

"पण मग तुम्ही असे दाराला चिकटून का उभे आहात?"

पाळकसाहेबांनी कोपऱ्याकडे पाहिले. मग बुटांकडे. "मला सवय नाही," ते म्हणाले. तेवढ्यात सातवा मजला आला आणि ते घाईने उतरले. वर त्यांचे काहीच काम नव्हते. ते जिन्याने खाली गेले.

नव्या महिन्याच्या पहिल्या सकाळी तिसरा उतारू म्हणून खुद्द डॉक्टर आला. मुद्दाम दोघांना आधी आत जाऊ दिले आणि मग कोपऱ्यात जाऊन पाठ टेकवली.

"वा! इथून बरा दिसतो रे आरसा. काय हाउसफुल, पार्टनर कुठे गेला?"

लिफ्टमनने जाळी ओढली. "प्रभू, जरा सरक," तो पुटपुटला. आणि लिफ्ट पहिल्या मजल्यावर यायच्या आत त्याने जीभ चावली. कारण सरकायला जागा कुठे होती? आपण त्याला बाहेर काढले होते, तेही 'जरा सरक' म्हणून.

आता लोकांचे बघा. जोवर कोपरा मोकळा ठेवला जात होता तोवर सगळ्यांना तो अडचण वाटत होता. मिळाला म्हटल्यावर सगळ्यांना तोच हवा झाला. दुसऱ्यावरचे कारकून पाळीपाळीने तिथे उभे राहून फोटो काढू लागले. 'कोपऱ्यातून आलात की इंजेक्शन कमी दुखतं,' असे डॉक्टरने एका पेशंटला गमतीत सांगितले. पेशंटने ते चौघांना गमतीत न सांगता सांगितले. मग गाल सुजलेली माणसे कोपऱ्यासाठी एकमेकांना ढकलू लागली. एकाने तिथे ओली छत्री उभी केली. लिफ्टमनने ती उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि दिवसभर ओल्या पँटने बसून राहिला. छत्रीवाला संध्याकाळी म्हणाला, "अरे, माझी छत्री चोरलीस की काय?"

पण खरा घोळ वेगळाच झाला. लिफ्टमनने मनाशी हिशोब मांडला: प्रभू बाहेर पडला, पण आपल्याला सोडून जाणार नाही, हा तर शब्द आहे. मग तो कुठे असेल? जिन्यावर. आपण वर निघालो की तोही जिन्याने निघणार. म्हणून प्रत्येक मजल्यावर पोचल्यावर लिफ्टमन जाळी उघडी धरून थांबू लागला.

"चल की रे," लोक म्हणत.

"येतोय."

"कोण?"

"पाचव्यापर्यंत जरा दम लागतो. एवढे मजले म्हणजे काही थोडे नाहीत."

आधी लिफ्टमध्ये एक माणूस कमी मावत होता. आता माणसे पूर्ण मावत होती आणि लिफ्ट चालत नव्हती. शिवणकामवाली एकदा हळूच म्हणाली, "दादा, तो देव आहे ना? त्याला कसला दम?" लिफ्टमन म्हणाला, "देव आहे म्हणून काय झालं? पाय आहेतच ना त्याला. आणि पायांचं काय केलं लोकांनी, माहीत आहे ना?"  शिवणकामवाली तिसऱ्यावर उतरली आणि जिन्याच्या वळणाकडे बघत क्षणभर थांबली.

मग एका सकाळी, उघड्या जाळीत उभे राहून जिन्याकडे कान लावलेला असताना, पाळकसाहेबांचे बोलणे त्याच्या डोक्यात लख्ख झाले. तुम्ही जिथे, तिथे तो. म्हणजे गोष्ट किती साधी होती! त्याला चालायला लावायचे आणि आपण बसून जायचे, हे उलटे चालले होते. लिफ्टमन उठला, स्टूल मिटून भिंतीला लावले, आतल्यांना म्हणाला, "बटण तुम्हीच दाबा. जाळी दोन्ही नीट लावा. आम्ही आलोच," आणि जिना चढू लागला.

त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी हसताना दिसला. लिफ्ट आत चार उतारू घेऊन वर जाई आणि तिच्या भोवतीच्या जिन्यावरून लिफ्टमन चढत असे, कठड्याची बाजू मोकळी सोडून, भिंतीला घासत, कुणाशी तरी बोलत. मजल्यावर पोचला की धापा टाकत जाळी उघडायला हजर. तोवर ते उतरून गेलेले असत.

"हाउसफुल, कुठवर आलात रे दोघं?" डॉक्टर जाळीतून ओरडे.

"चौथ्याला, डॉक्टर!"

आणि लिफ्टमधले चौघे पोट धरून हसत. इतके की कधीकधी जाळी लावायला विसरत. जाळी उघडी राहिली की लिफ्ट जागची हलत नाही. मग ती तिसऱ्यावर नाहीतर पहिल्यावर अडकून पडे. एका रविवारी ती तशीच दुसऱ्यावर अडकली होती. लिफ्टमन सकाळीच पुढे गेला होता, मंडळीच्या खुर्च्या मांडायला. बायको आवरून, केस विंचरून, गच्चीवरच्या दारापाशी बटण दाबत उभी राहिली. मग बसली. उपासना संपवून तो परत आला तेव्हा ती अजून तिथेच उंबऱ्यावर होती, मांडीवर पिशवी.

"तुम्ही दोघं जाऊन आलात ना?" ती म्हणाली. "झालं तर मग."

सेक्रेटरीने यावर उपाय काढला. जाळी उघडी राहिली की किणकिण वाजत राहणारी एक घंटी बसवली. घंटी कानाला इतकी टोचे की चिडका माणूसही परत येऊन जाळी लावून जाई. मग एके दिवशी सेक्रेटरी तळमजल्यावर उभा राहून बराच वेळ बघत राहिला. लिफ्ट वर जात होती, खाली येत होती, माणसे चढत होती, उतरत होती, घंटी आपले काम करत होती. आणि तिच्याभोवती एक माणूस जिना चढत होता, उतरत होता. त्याचा लिफ्टशी काही संबंधच उरला नव्हता. सेक्रेटरीच्या डोक्यात जो प्रकाश पडला तो लिफ्टमनच्या डोक्यात पडलेल्याहून जास्त व्यवहारी होता.

तरी सेक्रेटरी तसा दुष्ट नव्हता. त्याने एक शेवटची संधी दिली. "उद्यापासून स्टुलावर बस. चार घे. मजल्यावर थांबायचं नाही, जिन्याने चालायचं नाही, पुटपुटायचं नाही. खोली राहील."

संध्याकाळी लिफ्टमनने ते बायकोला सांगितले. या वेळी तिला आधी सांगितले, हे तिच्या लक्षात आले; पण बातमीच अशी होती की त्याचा आनंद होईना.

"मग बसा की स्टुलावर," ती म्हणाली. "पाळकसाहेबांनी सांगितलंय ना, त्याला जागा लागत नाही? तो काय, सगळीकडे आहे."

"आहे गं. पण सगळीकडे असलेल्यालाही कुणीतरी 'ये, बस' म्हणावं लागतं ना?"

बायकोने गुडघ्यांवरचा शेकायचा कपडा काढला, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मला म्हणालात कधी?"

भिंतीपलीकडे मशीन सुरू झाले. भांडी कुजबुजली. लिफ्टमनने याचे उत्तर प्रभूला विचारले नाही, कारण प्रभूचे मत काय असेल ते त्याला माहीत होते.

दुसऱ्या सकाळी तो स्टुलावर बसला. दोन कारकून आत आले. तिसरा डॉक्टर. डॉक्टर कोपऱ्यात गेला, पण त्याने खुणेने जाळी लावू नको म्हणून सांगितले.

"एक मिनिट. सेक्रेटरी म्हणतो तू सुधारलास. मी म्हणतो, खात्री करून घेऊ. एकदा म्हण, 'कोपऱ्यात कोणी नाही, कधी नव्हतं.' एवढंच. मग बस आयुष्यभर. मीच कमिटीत सांगतो, ह्याला हलवायचं नाही."

घंटी वाजू लागली. जाळी उघडी होती.

"म्हण की रे," एक कारकून म्हणाला. "आम्हाला उशीर होतोय."

"अरे, साधं वाक्य आहे. खोटं पण नाही. बघ, मी उभा आहे इथे. माझ्याशिवाय आहे का कोणी?"

लिफ्टमनने वळून पाहिले. खरेच, डॉक्टरशिवाय कोणी दिसत नव्हते. त्याने वर गच्चीच्या दिशेने पाहिले, जिथे त्याची खोली होती आणि खोलीत दोन निकामी गुडघे. त्याने तोंड उघडले. ओठ हलले. डॉक्टर, सवयीने, त्याच्या दातांकडे बघू लागला.

"डॉक्टर," लिफ्टमन म्हणाला, "तुम्हाला अडचण होत असेल तिथे. मी उतरतो. म्हणजे जरा मोकळं होईल."

तो उठला, बाहेर आला, दोन्ही जाळ्या नीट लावल्या. घंटी थांबली. लिफ्ट वर गेली. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी तो उभा राहिला.  कुणीतरी दंडाला धरावे तसा तो जरा एका बाजूला झुकला, आणि चढू लागला.

निरोप समारंभ तळमजल्यावर झाला, लिफ्टसमोरच, म्हणजे कुणाचा वेळ जायला नको. सेक्रेटरीने छोटे भाषण केले. इमारतीच्या वाढत्या गरजा, काळाची पावले, आणि 'आपल्या लाडक्या हाउसफुलची आणि त्यांच्या सहकाऱ्याची' सेवा. टाळ्या पडल्या. डॉक्टरने आपल्या दवाखान्यातर्फे एक दात मोफत काढून देण्याचे जाहीर केले. "कुठलाही निवड," तो म्हणाला. मग कमिटीतर्फे भेट देण्यात आली. रंगीत कागदात गुंडाळलेली, लांबट. लिफ्टमनने कागद काळजीपूर्वक सोडवला. आत त्याचेच स्टूल होते.

"तुझी आठवण," सेक्रेटरी म्हणाला, "तुलाच."

खोली रिकामी करायला फार वेळ लागला नाही. एक ट्रंक, दोन बोचकी, भांड्यांचे पोते. शिवणकामवालीने बाहेर एक हातगाडी बोलावून ठेवली होती आणि आपल्या बहिणीच्या घरामागची एक पडवी बघून दिली होती, काही दिवसांपुरती. सामान आधी गेले. शेवटच्या फेरीला उरले बायको, एक बोचके आणि स्टूल.

लिफ्टमनने बायकोला दंडाला धरून आत नेले आणि बटणांपाशी उभे केले. बोचके तिच्या पायाशी ठेवले. बाहेर येऊन तो जाळी लावू लागला.

"अहो, या की आत. जागा आहे."

"तू हो पुढे. आम्ही येतो जिन्याने."

तिने त्याच्याकडे पाहिले.  त्याने जाळ्या लावल्या, तिने बटण दाबले, आणि मशीन शेवटचे थरथरले. आता कुजबुजायला भांडी नव्हती.

तो पायऱ्या उतरू लागला. लिफ्ट जाळीपलीकडून सावकाश खाली येत होती. आधी तिचा तळ, मग बोचके, मग बायकोचे केस, मग दिवा. सहाव्यावर ती थांबली. डॉक्टर दोन पेशंटना सोडायला बाहेर आला होता. त्यालाही खाली जायचे होते. त्याने जाळी उघडली. लिफ्टमन अर्ध्या वळणावर होता. त्याला सगळे दिसत होते.

बायकोने स्टूल उघडले होते. आरशाजवळच्या कोपऱ्यात ते मांडले होते, आणि त्यावर ती बसली नव्हती. ती शेजारी उभी होती. एक हात भिंतीला, एक हात स्टुलाच्या कडेवर. गुडघे थरथरत होते आणि ती उभी होती.

"मावशी, ते स्टूल मिटा. चौघं मावू," डॉक्टर म्हणाला.

"कोणीतरी बसलंय."

डॉक्टर हसला. पेशंटना तोंड उघडता येत नसल्यामुळे ते हसले नाहीत.

"आता तुम्ही पण? अहो, तो तर उभा असतो म्हणे नेहमी."

"आज बसलाय. मी म्हटलं, बस."

"मग आम्ही कुठे उभं राहायचं?"

"जिना आहे की," बायको म्हणाली आणि तिने आतून दोन्ही जाळ्या ओढल्या. इतक्या जोरात ओढल्या, की आपल्याला एवढे बळ आहे हे तिला स्वतःलाच माहीत नसावे. तिने बटण दाबले. डॉक्टरच्या नाकासमोरून लिफ्ट खाली सरकली.

जिन्यावर लिफ्टमन थांबला होता. लिफ्ट त्याच्या डोळ्यांसमोरून गेली: बायको, बोचके, रिकामे स्टूल. "प्रभू," त्याने विचारले, "तू तिकडे आहेस की इकडे?" उत्तर आले नाही. ते गप्प बसणे कुठल्या प्रकारचे आहे, हे त्याला या वेळी नीट कळेना; आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला बायकोचा हेवा वाटला. मग तो भराभर उतरू लागला. भिंतीला घासून, कठड्याची बाजू सोडून.

तो तळमजल्यावर पोचला तेव्हा लिफ्ट आधीच येऊन उभी होती. आतली जाळी बायकोने कशीबशी उघडली होती. बाहेरची आता तिला ओढवत नव्हती. घंटी किणकिणत होती. रस्त्यावरून आत आलेली दोन-तीन माणसे लिफ्टकडे बघत उभी होती, ही बाई दार का उघडत नाही म्हणून. लिफ्टमनने त्यांच्यामधून वाट काढली आणि जाळी ओढली.

"ये. सावकाश. पायाखाली बघ," तो म्हणाला. हे वाक्य तो इतकी वर्षे परक्या माणसांना म्हणत आला होता.

बायको हलली नाही. तिने हनुवटीने स्टुलाकडे खूण केली.

"आधी तुमचे ते."

लिफ्टमनने दोन्ही जाळ्या धरून ठेवल्या आणि स्वतः बाजूला झाला. घंटी वाजत राहिली. वरून डॉक्टर ओरडत होता, "जाळी लावा रे! कोण आहे तो गाढव खाली!" रस्त्यावरून आलेल्यांपैकी एकजण आत शिरू लागला, तेव्हा लिफ्टमनने हात आडवा धरला. एक माणूस स्टुलावरून उठून, घाईगडबड न करता, बाहेर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो तसाच उभा राहिला.

मग त्याने बायकोला धरून बाहेर आणले. बोचके घेतले. स्टूल घेतले, आणि ते लिफ्टच्या दारासमोर, लोकांच्या वाटेत, उघडून ठेवले.

"ये, बस," तो म्हणाला.

ती बसली. त्याने जाळ्या नीट लावल्या. घंटी थांबली आणि वरच्या बोलावण्यावर लिफ्ट हलली. तिघेही तिला जाताना पाहत राहिले. ती पहिल्यांदाच खरोखर रिकामी वर गेली.